छोट्या घराची कडी

काकूंनी कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. तसं त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरून बोलूनही दाखवलं. ड्रायव्हरांनी उभा जन्म बस चालवली, इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय झालेली, त्यामुळे त्यांचं खासगीतलं बोलणंही चार घरांना ऐकू जायचं. या वयात लोक गुडघे सांभाळतात, तुम्ही कोंबड्या कसल्या सांभाळताय, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी ऐकून घेतलं आणि अंगण झाडणं तसंच चालू ठेवलं. ऐकून घ्यायचं आणि आपलंच करायचं, हा त्यांचा जुना खाक्या. दोन-दोन वर्षांच्या पोरांशी हुज्जत घालण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना एका ड्रायव्हरांची काय मातब्बरी?

काकू म्हणजे पाळणाघरवाल्या काकू. दुसऱ्या कुठल्या नावानं विचारलंत तर त्या गल्लीत कोणी तुम्हाला घर दाखवणार नाही. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगण. नोकरी करणाऱ्या आया सकाळी पोर, पिशवी आणि सूचना असं सगळं एकदम काकूंच्या हातात कोंबायच्या आणि पळत सुटायच्या. संध्याकाळी त्याच आया दमून भागून यायच्या आणि पोर घेऊन जायच्या. तोंडं धुतलेली, केस विंचरलेले, पिशव्या खांद्याला लावलेल्या अशी ती पलटण काकू फाटकापाशी ओळीनं उभी करायच्या. मग एकेक जण कमी व्हायचा. शेवटचं पोर गेलं की फाटक लावायचं आणि आत यायचं.

काकूंना स्वतःचं मूल झालं नाही. त्याचं रडगाणं त्यांनी कधी कुणापुढे गायलं नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली होती, आणि ती त्या नवऱ्याजवळ एकदाच बोलल्या. एवढी पोरं हाताखालून गेली, पण या घरात एकही पोर कधी रात्रीला राहिलं नाही. रात्री पाणी मागायला उठलेलं पोर कसं दिसतं, ते मला ठाऊक नाही, म्हणाल्या. नवरा तसा अबोल, बोलायच्या ऐवजी काहीतरी ठोकत बसायचा.

तो एका कारखान्याच्या गोदामात होता. यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्या खोक्यांच्या फळ्या तो सायकलला बांधून घरी आणायचा. त्या बोलण्यानंतर त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात पोरांसाठी छोटं घर बांधायला घेतलं. घर म्हणजे अगदी घर बरं का. उतरतं छप्पर, दोन खिडक्या, खिडक्यांना काकूंच्या जुन्या साडीचे पडदे, मोठ्या माणसाला वाकून जावं लागेल एवढं दार. आत बसायला फळीचं बाकडं. दाराच्या आतल्या बाजूला चपला ठेवायचं फडताळ, त्याला खण. पोरांना वाचता येत नाही, म्हणून काकूंनी प्रत्येकाला एक चित्र ठरवून दिलेलं. पतंग, छत्री, भोपळा, किल्ली, भोवरा. तेच चित्र खणावर, तेच खुर्चीवर, तेच पिशवीवर. पोरांची खरी नावं आयांना लखलाभ. काकूंच्या घरात भोपळा दूध सांडायचा आणि छत्री त्याची चहाडी करायची.

पुढे काका गेले. पाळणाघरही हळूहळू बसलं. कोणाच्या कचेरीतच पोरं सांभाळायची सोय झाली, कोणी घरी बसून काम करायला लागलं. शेवटची किल्ली उरली होती, ती शाळेत गेली आणि काकूंना दिवसभर हाक मारणारं कोणी राहिलं नाही. तरी त्या पहाटे उठायच्या, अंगण झाडायच्या, दूध जास्तीचं तापवायच्या आणि मग ते एकट्यानं संपवता संपवता वैतागायच्या. संध्याकाळी त्यांना सगळ्यात वाईट वाटायचं. फाटकापाशी जाऊन उभं राहायचं काही कारण नव्हतं, आणि पाय तर तिकडेच वळायचे.

कोंबड्यांचं खूळ डोक्यात भरवलं ते कोंबडीवाल्यानं. काकू त्याच्याकडे अंडी घ्यायला जायच्या. तो म्हणाला, चार तलंगा घेऊन जा, काकू, अंडी घरचीच होतील आणि घराला जागही राहील. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. काकूंनी त्याला काय विचारावं? दाणा किती लागतो, घाण किती होते, हे सगळं सोडून त्यांनी विचारलं, "रात्रीला असतात का त्या?" कोंबडीवाला हसायला लागला. म्हणाला, नाहीतर कुठे जाणार? काकूंचं तिथंच ठरलं.

छोटं घर रिकामं करताना मात्र जीव जड झाला. खुर्च्या, पाळणे, खेळण्यातली भांडी, पाळणाघर बसल्यावर तिथं रचून ठेवलेलं सगळं काढून पडवीत मांडलं. किराणा दुकानदाराला सांगून ठेवलं की ज्याला हवं त्याला पाठवून दे, फुकट आहे. दुकानदार भला माणूस आणि तोंडानं सैल, त्यानं सगळ्या वस्तीला सांगितलं. माणसं येत गेली, पतंग गेला, भोपळा गेला. एक खुर्ची तेवढी काकूंनी आत नेऊन पलंगाखाली सरकवली. तिच्यावर मुंगीचं चित्र होतं.

मग कामाला लागल्या. घराखाली विटा सारून जमीन उचलून घेतली, म्हणजे ओल येणार नाही. खिडक्यांचे पडदे काढले, बारीक जाळी ठोकली आणि जाळीवरून पडदे पुन्हा लावले. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला. चपलांचं फडताळ काढायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्याच्या खणांत पेंढा घातला. अंडी घालायला आयती जागा झाली. कोंबड्यांना रात्री बसायला आडवा दांडा लागतो, तो त्यांनी पुसणीच्या काठीचा केला. इथवर ठीक होतं. पण दांडा त्यांनी बसवला गुडघ्याच्याही खाली, कोणी पडलं तर लागू नये म्हणून. वर त्याला जुन्या टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळल्या. फळ्यांचे कोपरे घासून गोल केले. ड्रायव्हर भिंतीवर कोपर टेकून बघत होते. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, लंगोट शिवायला टाकलेत की घरीच शिवणार? काकूंनी हातोडी उगारली, तसे ते खाली बसले.

कोंबड्या आल्या आणि त्यांना त्याच दिवशी चित्रं मिळाली. तांबडी ती पतंग, जाडी ती भोपळा, तुरुतुरु पळणारी ती किल्ली, आणि पंख पसरून मिरवायची ती छत्री. मुंगी कोणालाच केलं नाही.

आता काकूंनी काय करावं? सकाळी त्यांना दाणा दिला, पाणी दिलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर गेल्या तर हरवतील ना. दुपारी पडदे ओढले, झोपायची वेळ म्हणून. मधूनमधून वाकून मोजून आल्या, आहेत ना सगळ्या. संध्याकाळ झाली तशी हात आपोआप दाराकडे गेला. दार उघडून त्या बाजूला उभ्या राहिल्या. कोंबड्या उंबऱ्यापर्यंत आल्या, मिटत चाललेल्या उजेडाकडे माना वाकड्या करून बघितलं आणि परत आत जाऊन बसल्या. काकू चला चला करतायत, टाळ्या वाजवतायत, आणि त्या ढिम्म. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशीही काकू दार धरून उभ्या राहिल्या तेव्हा ड्रायव्हरांना राहवलं नाही. एरवी गडगडणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला.

"काकू, यांना घ्यायला कोण येणार आहे?"

काकू घरात गेल्या आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिल्या. ड्रायव्हर बराच वेळ भिंतीपाशी घुटमळले, मग तेही गेले.

सकाळी उठून त्यांनी दार सताड उघडलं. जा म्हणाल्या, हिंडा. दिवसभर जीव टांगणीला. कोंबड्यांनी अंगण उकरलं, कुंडीतली माती उडवली, धुळीत लोळून घेतलं. पोरांपेक्षा फार वेगळं काही केलं नाही. आणि मग संध्याकाळी, हाक मारली नाही की हाकललं नाही, चारही जणी एकामागोमाग एक आत गेल्या. दांड्यावर चढल्या, एकमेकींना ढकललं, जागेवरून भांडल्या आणि गप्प झाल्या. काकू अंगणात खिळल्यासारख्या उभ्या. दिवस मावळताना या फाटकातून, या दारातून सगळं बाहेर जाताना त्यांनी पाहिलं होतं. आत येताना कोणाला पाहिलं नव्हतं. त्या इतक्या खूश झाल्या की भिंतीवरून ड्रायव्हरांना हाक मारून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर यात सांगण्यासारखं काय होतं म्हणून लाजल्या.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना वाटत राहिलं की घरात कोणीतरी आहे.

दिवस बरे चालले होते. कोंबड्या अंड्यावर आल्या. फडताळाला खण पुष्कळ, पण चौघींनाही हवा तो खालचा कोपऱ्यातला अंधारा खण. एक बसली की दुसरी बाहेर रांगेत उभी राहायची आणि ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायची. काकूंनी दुसऱ्या खणांत मऊ पेंढा घातला, खोटी अंडी ठेवून पाहिली; व्यर्थ. तो खण मुंगीचा होता.

ड्रायव्हर मात्र एका गोष्टीवर हटून बसले. काकू, दाराला कडी लावा. दाराला कडी नव्हतीच; सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ठोकलेली होती, तिच्या ताणानं दार मिटायचं. कोणीही ढकललं की उघडायचं. उद्या एखादं कुत्रं आत शिरलं तर तुम्ही काय त्याला गोष्ट सांगून झोपवणार का, असं ते म्हणायचे. काकू एरवी ऐकून घ्यायच्या, इथं ऐकूनही घेत नव्हत्या. लहान जीव आत असताना त्या दाराला बाहेरून कडी लागणार नाही, एवढं एकच बोलायच्या आणि विषय तोडायच्या.

याला कारण होतं. पूर्वी त्या दाराला कडी होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून काकांनी बाहेरून बसवलेली. तेव्हा पाळणाघरात एक मुंगी होती. मांडीवर मावत होती तेव्हापासून काकूंकडे. तिची आई एका कचेरीत कारकून होती, पोर एकटीनं वाढवत होती, आणि कामावरून सुटायला तिला नेहमी उशीर व्हायचा. त्यामुळे फाटकातून शेवटी जाणारं पोर म्हणजे मुंगी. बाकीचे गेले की ती काकूंबरोबर खुर्च्या रचायची, चित्रं पुसायची, आणि काकूंच्या पदराचं टोक धरून घरभर फिरायची. आपपरभाव करायचा नाही असा काकूंचा नेम होता. मुंगीच्या बाबतीत तो नेम कधीच मोडला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

एका संध्याकाळी मुंगीची आई नेमकी लवकर आली आणि मुंगी सापडेना. हाका मारल्या, पलंगाखाली पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत धावाधाव झाली. छोट्या घराला कडी लावलेली, म्हणून तिथं कोणी पाहिलंच नाही. शेवटी काकांनी कडी काढली. आत काळोखात बाकड्याखाली मुंगी होती, पिशवी उशाला घेऊन, डोळे टक्क उघडे. रडत नव्हती. आईला तेच भयंकर वाटलं असणार. चपला तेवढ्या आपल्या खणात नीट जोडून ठेवलेल्या. कडी भोवऱ्यानं लावली हे तिथल्या तिथं उघड झालं. भोवरा रडून रडून काहीतरी सांगत होता, पण त्याचं ऐकायला सवड कोणाला होती? आईनं पोर उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी मुंगी आली नाही, नंतरही कधी आली नाही. बाजारात आई दिसली तर तोंड फिरवून पलीकडून जायची. काकूंनी स्वतःच्या हातानं कडी उपसून काढली आणि खिळ्यांच्या डब्यात टाकली. माझ्या नजरेआड माझ्याच अंगणात पोर कोंडलं गेलं, हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

तर अशी ती कडी. हे ड्रायव्हरांना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बिचारे कुत्र्याचं भय घालत राहिले.

आणि एका सकाळी काकू दाणा घेऊन गेल्या तर दार अर्धवट उघडं. भुसा बाहेरपर्यंत सांडलेला, अंगणभर पिसं. तिघी फडताळाच्या माथ्यावर चढून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. छत्री नव्हती. ड्रायव्हरांना ती मागच्या गटाराजवळ सापडली. जे काही सापडलं ते त्यांनी काकूंना बघू दिलं नाही, तिथंच खड्डा खणला. मी सांगत होतो, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

काकू दिवसभर जेवल्या नाहीत. कडी लावली की पोर कोंडलं जातं, नाही लावली की मरतं. मग माझ्यासारखीनं कोणाला सांभाळूच नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. ड्रायव्हरांना सांगितलं, उरलेल्या तिघी कोंबडीवाल्याला परत द्या. ड्रायव्हरांनी नाना परीनं समजावलं. मी लावतो कडी, म्हणाले. काकूंचं नाही ते नाहीच. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोंबड्या दांड्यावर बसल्या की ड्रायव्हर टोपली घेऊन येतील. तेव्हा त्या सुस्त असतात, पकडायला त्रास देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना फाटक वाजलं. दारात एक तरुण बाई, अवघडलेली, पोटावर हात ठेवून उभी. किराणा दुकानदारानं पाठवलं म्हणाली. लहान मुलांच्या खुर्च्या द्यायच्या आहेत ना? काकूंनी सांगितलं, अगं, त्या कधीच संपल्या, त्या दुकानदाराला काही ताळतंत्र नाही. पण उन्हातून आलीस, पाणी तरी घे. पाणी घेऊन बाहेर येतात तो बाई पायरीवर नव्हती. अंगणात जाऊन छोट्या घरासमोर उभी होती. मग एक हात चौकटीला धरून ती कशीबशी खाली बसली आणि आत डोकावली. काकू म्हणाल्या, अगं, सांभाळून, घाण आहे तिथं.

बाई आतच बघत होती. म्हणाली, "काकू, माझ्या खणात अंडं आहे."

काकूंनी हातातलं भांडं विटेवर ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हनुवटी तीच होती. ओळखायला इतका वेळ लागला याचीच त्यांना शरम वाटली. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, आणि तोंडातून आलं ते एवढंच, की माझं चुकलं गं पोरी, मी मोजायला हवं होतं, तू आत आहेस हे मला कळायला हवं होतं.

मुंगीला आधी कळेनाच काकू कशाबद्दल बोलताहेत. कळलं तशी ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मला कोणी कोंडलं नव्हतं, काकू. भोवऱ्याला मीच सांगितलं होतं कडी लावायला. बाहेरून कडी दिसली की आईला वाटेल आत कोणी नाही आणि ती जाईल. मला इथं झोपायचं होतं."

काकू तिच्याशेजारी विटांवर बसल्या. अंगणात तिन्ही कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडे त्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणून चपला काढून ठेवल्या होत्यास."

"झोपायच्या आधी काढायच्या असतात ना. तुम्हीच शिकवलंत."

आईला कधी सांगितलंस, असं काकूंनी विचारलं. मुंगीनं त्याच रात्री सांगितलं होतं. आई समजूत घालत होती, घाबरलीस का, आता नाही हं पाठवणार त्या घरात. आणि पोरीनं सरळ सांगून टाकलं की मी घाबरले नाही, मला काकूंकडेच राहायचंय. आईनं तिला मारलं नाही, रागावलीही नाही. नुसती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवसापासून पोरीला कचेरीत नेऊन टेबलाखाली बसवायला लागली. आता पोटात बाळ आहे म्हणून चार दिवस आईकडे आलेय, मुंगी म्हणाली. परवा आपल्या गावी जायचं. काल आई आपणहून हे सगळं बोलत बसली होती. काकूंचा मला फार राग यायचा असं नाही, आई म्हणाली, पण त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

काकूंना आधी रागच आला. एवढी वर्षं! एक शब्द कोणी टाकला असता तर? मग त्या कारकून बाई डोळ्यांपुढे आल्या, दमलेल्या, पर्स छातीशी धरलेल्या, घरात एकच माणूस आणि तेही दुसरीकडे झोपायचं म्हणतंय. त्यांच्याबद्दल काकूंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि या सगळ्याच्या खाली आनंद होत होता, एवढा की त्यांना तो लपवता येईना. त्यांच्या घरात रात्रीला राहायची इच्छा एका पोराला झाली होती. त्यासाठी त्या पोरानं कट केला होता. त्या हसायला लागल्या, आणि मग रडायला लागल्या. मुंगीनं बसल्या बसल्या त्यांच्या पदराचं टोक हातात धरलं होतं.

बोलता बोलता उन्हं उतरली. आई वाट बघत असेल, मुंगी म्हणाली. काकू लगबगीनं उठल्या, पलंगाखालून खुर्ची ओढून आणली, पदरानं पुसली. मुंगीनं खुर्चीवरच्या चित्रावरून बोट फिरवलं आणि खुर्ची काखेला धरली. फाटकापाशी काकूंनी तिला उभं केलं, कपाळावरचे केस मागे सारले, खांद्यावरून घसरलेली पिशवी नीट लावली. बाळाला कोण सांभाळणार, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. परगावची बाई, विचारून तिला कोड्यात कशाला टाका, म्हणून त्यांनी ते गिळलं. मुंगी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग फाटक लावलं आणि आत आल्या.

अंगणात ड्रायव्हर टोपली घेऊन हजर होते. टोपलीत त्यांनी पोतं अंथरलेलं, कोंबड्यांना लागू नये म्हणून. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांना हसू आलं. टोपली राहू द्या, म्हणाल्या, घरात स्क्रूड्रायव्हर असेल तर तेवढा आणा. ड्रायव्हरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा टोपलीकडे, आणि टोपली तिथंच ठेवून स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.

खिळ्यांच्या डब्यात तळाशी कडी होती, गंजलेली, पण स्क्रू सगळे जागेवर. चौकटीवरची जुनी भोकंही तशीच होती. ड्रायव्हर मी लावतो म्हणत होते, काकूंनी हात लावू दिला नाही. एकेक स्क्रू त्यांनी स्वतः पिळला, हात भरून आले तरी पिळला. तोवर अंधारायला लागलं. किल्ली आत गेली, मागून भोपळा, सगळ्यात शेवटी पतंग. दांड्यावर छत्रीची जागा मोकळी होती, ती थोड्या वेळानं भोपळ्यानं बळकावली. काकूंनी वाकून मोजलं, पुन्हा मोजलं. बाकड्याखालीही हात घालून पाहिलं. मग दार लोटून बाहेरून कडी घातली.

ड्रायव्हर त्यांच्या घरी गेले. काकू तिथंच विटांवर टेकल्या. आत कोणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. सवयीनं त्यांची नजर फाटकाकडे गेली. फाटक बंद होतं. यांना घ्यायला कोणी येणार नव्हतं.